ते तिकडे गेलेच कशाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुम्ही ‘द रोड टू ग्वांतानामो’ हा २००६ सालचा डॉक्युड्रामा पाहिलात. इंग्लंडमधल्या टिप्टनचे तरुण मित्र एका लग्नासाठी पाकिस्तानात जातात, तिथून अफगाणिस्तानात शिरतात, युद्धात सापडतात आणि दोन वर्षांहून जास्त काळ अमेरिकेच्या कैदेत काढून, कुठलाही आरोप न ठेवता घरी सोडले जातात. तुम्ही विचारता, यातले बहुतेक प्रसंग नटांनी उभे केलेत, तर खरं किती धरायचं? आणि लगेच पुढचं वाक्य लिहिता, ‘बॉम्ब पडत असलेल्या देशात ते गेलेच कशाला, हे काही मला पटत नाही.’

मी गेली २२ वर्षं माहितीपटांसाठी संशोधन आणि संहितेचं काम करते. त्यातली बरीच वर्षं कैदेतून सुटून आलेल्या माणसांच्या साक्षी ऐकण्यात, त्या ताडून बघण्यात आणि त्यांतून दृश्यं लिहिण्यात गेली. अशा फिल्मनंतर प्रेक्षकांतून पहिला हात वर होतो तो बहुतेक वेळा तुमच्याच दुसऱ्या प्रश्नासाठी. आणि मला वाटतं, तुमची खरी अडचण तिथेच आहे. पोरं तिकडे का गेली हे पटलं नाही, म्हणून पुढचं सगळंच संशयास्पद वाटायला लागलं. माणसांवर विश्वास बसला तर फिल्म खरी, नाही बसला तर खोटी, असा हिशोब आपण नकळत करतो. हे दोन धागे सोडवून वेगळे केले, की बरंच काही साफ दिसायला लागतं.

आधी खरेपणाचं बघू. या फिल्ममध्ये तीन थर आहेत. पहिला थर म्हणजे शफीक रसूल, आसिफ इक्बाल आणि रुहेल अहमद हे खरे तिघे कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात तो. दुसरा, त्या काळातल्या बातम्यांची मूळ चित्रफीत. तिसरा, नटांनी केलेलं पुनर्चित्रण. मायकल विंटरबॉटम आणि मॅट व्हाइटक्रॉस या दिग्दर्शकांनी ते पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि इराणमध्ये चित्रित केलं. ग्वांतानामो म्हणजे क्युबातला अमेरिकेचा तळ, जिथे हे कैदी ठेवले होते; तो तर इराणमध्येच उभा केला होता. तिन्ही थर इतक्या झपाट्याने एकात एक मिसळतात, की आपण कोणत्या थरावर उभे आहोत याचा प्रेक्षकाला विसर पडतो. हातात धरलेला, हलणारा कॅमेरा पाहिला की डोळा ‘ही बातमी आहे’ असं समजून घेतो. तुमचा गोंधळ झाला असेल तर त्यात तुमची चूक नाही. फिल्मची घडणच तशी आहे. बर्लिन चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं ‘रौप्य अस्वल’ हे पारितोषिक मिळवून गेलेली ही कारागिरी आहे, आणि माझा तिच्यावरचा आक्षेपही इथेच आहे. त्याकडे पुढे येते.

आमच्या कामात अशा संहितेला समास सोडलेला असतो. प्रत्येक प्रसंगापुढे तो कुठून आला ते लिहायचं. मी तीन रंग वापरते. स्वतंत्र कागदपत्रांतून ताडून घेता आलेल्या गोष्टीला हिरवा. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन माणसांनी सांगितलेल्या गोष्टीला पिवळा. एकाच्याच तोंडून आलेल्या गोष्टीला तांबडा. तांबडं म्हणजे खोटं असं मुळीच नाही. बंद खोलीत घडलेल्या गोष्टीला दुसरा साक्षीदार असतो तो म्हणजे छळ करणारा, आणि तो कशाला बोलेल? पण तांबड्या ओळी नटाकडून करवून घ्यायच्या नाहीत, ज्याच्यावर बेतली त्यालाच त्या बोलू द्यायच्या, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. प्रसंग अभिनित झाला की तो घडल्यासारखा दिसतो. माणूस बोलत असला की ‘हा असं सांगतोय’ एवढंच दिसतं, आणि विश्वास ठेवायचा की नाही हे प्रेक्षकाच्या हातात राहतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, ती सहज निसटते. या तिघांनी सुटल्यावर २००४ च्या उन्हाळ्यात वकिलांच्या मदतीने एक लांबलचक एकत्रित निवेदन प्रसिद्ध केलं. फिल्मचा पाया बराचसा तोच. पण तिघे लहानपणापासूनचे मित्र, एकत्र सुटलेले, एकत्र बसून सांगणारे. तिघांचं म्हणणं जुळतं म्हणून मी त्याला तीन साक्षी धरत नाही, एकच धरते. ताळा घ्यायचा तर बाहेरचं काहीतरी हवं.

आणि ते मिळतं. निवेदनात त्यांनी सांगितलं होतं, की चौकशीच्या खोलीत हातपाय जमिनीतल्या कडीला आखूड साखळीने जखडून तासन् तास वाकलेल्या अवस्थेत ठेवायचे, एअर कंडिशनर गारठून टाकण्याइतका वाढवायचे, कानठळ्या बसवणारं संगीत आणि लुकलुकणारे झगझगीत दिवे लावायचे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने अशा तक्रारी फेटाळल्या. मग २००४ च्या डिसेंबरात, माहितीच्या अधिकाराखाली चाललेल्या दाव्यातून, एफबीआयच्या अधिकाऱ्यांचे आपसातले ईमेल बाहेर आले. त्यातल्या एका अधिकाऱ्याने ग्वांतानामोत स्वतः पाहिलेलं लिहिलं होतं. कैद्याला हातापायांनी जमिनीशी जखडून गर्भातल्या मुलासारखं मुटकुळं करून ठेवलंय, खुर्ची नाही, अन्न नाही, पाणी नाही, आणि असं १८, २४ तास किंवा त्याहून जास्त. एका वेळी खोली इतकी थंड केलेली, की अनवाणी कैदी थरथरत होता. आता क्रम बघा. तिघांनी आधी सांगितलं, तुरुंगवाल्यांच्या बाजूचे कागद नंतर उघड झाले. हे कागद वाचून त्यांनी गोष्ट रचली असं म्हणायला जागाच उरत नाही. फिल्ममधल्या चौकशीच्या प्रसंगांपुढे मी म्हणूनच हिरवा रंग लावीन. ते बघवत नाहीत, बरेच प्रेक्षक म्हणतात इथे अतिरंजन झालंय. पण ताडून घेता येणारा भाग नेमका हाच आहे.

कंटेनरच्या प्रसंगाचंही तसंच. नोव्हेंबर २००१ मध्ये उत्तर अफगाणिस्तानातलं कुंदुझ शहर पडलं, शरण आलेल्यांना तालिबानविरोधी नॉर्दर्न अलायन्सच्या सैनिकांनी बंद मालवाहू कंटेनरमध्ये कोंबून शिबरगानच्या तुरुंगाकडे नेलं. तिघांच्या सांगण्यानुसार आत माणसं गुदमरून मेली, बाहेरून गोळ्या झाडल्या गेल्या, आणि जे उरले त्यांनी पत्र्यावर जमलेला ओलावा कपड्याने टिपून तो चोखला. पत्र्यावरचा ओलावा हे त्यांच्या शब्दावरच घ्यावं लागतं. पण कंटेनरमधले मृत्यू तसे नाहीत. शिबरगानजवळच्या दश्त-ए-लैली इथे सामूहिक दफनभूमी सापडली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या वतीने २००२ मध्ये तपासलेले तिथले मृतदेह गुदमरून मेलेल्यांचे निघाले. म्हणजे एकाच प्रसंगात हिरवं आणि तांबडं एकमेकांना चिकटून बसलंय. पडद्यावर मात्र सगळं एकाच रंगाचं.

मग तांबडंच तांबडं काय? ते अफगाणिस्तानात का गेले, हे. इथे आपण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी येतो.

त्यांचं म्हणणं असं. आसिफचं लग्न ठरलं होतं. कराचीत पैसे वाचवायला ते मशिदीत राहिले. तिथे अफगाण लोकांच्या हालांबद्दल ऐकलं. आपणही जाऊन बघावं, जमलं तर काही मदत करावी, असं वाटून निघाले. अमेरिकेचे हवाई हल्ले ७ ऑक्टोबर २००१ ला सुरू झाले होते, आणि हे त्यानंतर सीमा ओलांडून गेले. परत यायचा प्रयत्न केला तर गाडी त्यांना पाकिस्तानऐवजी कुंदुझला घेऊन गेली, म्हणजे थेट तालिबानच्या शेवटच्या ठाण्यांपैकी एकात. फिल्ममध्ये हे सगळं विशीतल्या पोरांच्या बेफिकिरीने घडताना दिसतं. वाटेत मोठमोठ्या नानचीसुद्धा चर्चा होते.

तुम्हाला हे पटत नाही. मला विचाराल तर मलाही ते पूर्ण पटत नाही. आणि याला कारणही आहे. फिल्म आल्यावर वर्षभराने, २००७ मध्ये, ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमात तिघांपैकी एकाने कबूल केलं, की तो तिथे एका प्रशिक्षण केंद्रात गेला होता आणि त्याने शस्त्र हाताळलं होतं. फिल्ममध्ये हे नाही. माझा फिल्मवरचा मुख्य आक्षेप हाच. तिघांना कुणी उलटा प्रश्न विचारलेला दिसत नाही. माझ्या हातात संहिता असती तर मी त्यांना खुर्चीत बसवून शांतपणे विचारलं असतं, ‘परत फिरायची पहिली संधी कधी होती? तेव्हा का नाही फिरलात?’ उत्तर अडखळत आलं असतं तर ते अडखळणंही ठेवलं असतं. संकलनाच्या टेबलावर आपल्याला आवडायला लागलेल्या माणसाला वाचवायचा मोह फार असतो. मी स्वतः त्याला बळी पडलेय, एकदा एका साक्षीदाराचं गैरसोयीचं वाक्य ‘लांबी कमी करायची’ म्हणून काढलं, आणि पुढे नेमकं तेच वाक्य पुढे करून टीकाकारांनी त्याची बाकीची सगळी साक्ष खोटी ठरवली. वाक्य ठेवलं असतं तर त्याचं रक्षण झालं असतं.

पण आता मूळ मुद्दा. समजा, ते का गेले याचं उत्तर आपल्याला कधीच पुरतं कळणार नाही. मग त्यांची कैद योग्य ठरते का?

युद्धात भलतीच माणसं पकडली जातात, ही जगाला २००१ साली नव्याने कळलेली गोष्ट नव्हे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं पाचवं कलम याचसाठी आहे. पकडलेला माणूस कोण याबद्दल शंका असेल, तर सक्षम न्यायाधिकरणाने ठरवेपर्यंत त्याला युद्धकैद्याचं संरक्षण द्यायचं. हे न्यायाधिकरण म्हणजे काही मोठा खटला नव्हे. लढाईच्या जवळच, काही दिवसांत किंवा आठवड्यांत, अधिकारी बसतात, माणसाला त्याचं म्हणणं सांगू देतात, जवळपास मिळतील ते साक्षीदार बोलावतात आणि ठरवतात. अमेरिकेच्या सैन्याकडे याची लेखी नियमावली होती आणि सरावही होता. १९९१ च्या आखाती युद्धात त्यांनी अशा १,१९६ सुनावण्या घेतल्या. त्यांतल्या ८८६ जणांना, म्हणजे जवळजवळ चारांतल्या तिघांना, युद्धकैदी न मानता विस्थापित नागरिक ठरवलं गेलं. हा आकडा मी जेव्हा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या कामाची दिशाच बदलली. चाळण लावली की इतकी माणसं बाजूला पडतात. चाळण लावली नाही तर ती सगळी ‘शत्रू’ म्हणून आत राहतात.

ग्वांतानामोच्या वेळी चाळण काढूनच ठेवली गेली. पहिले २० कैदी ११ जानेवारी २००२ ला तिथे उतरवले. ७ फेब्रुवारी २००२ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी लेखी ठरवलं, की तालिबान आणि अल कायदाच्या कैद्यांपैकी कुणालाच युद्धकैद्याचा दर्जा मिळणार नाही. सगळ्यांचं एकदम ठरलं, म्हणजे एकेकाबद्दल शंका घ्यायची सोयच उरली नाही. तोवर संरक्षण मंत्री रम्सफेल्ड यांनी या माणसांना पृथ्वीतलावरच्या सर्वांत धोकादायक, प्रशिक्षित मारेकऱ्यांमध्ये गणूनही टाकलं होतं. जुलै २००३ मध्ये बुश पत्रकारांना म्हणाले, ही वाईट माणसं आहेत एवढं मला नक्की माहीत आहे. आणि कुणाचीही सुनावणी झालेली नव्हती.

त्याच उन्हाळ्यात आत काय चाललं होतं ते बघा, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा त्यात आहे. तिघांना २००० सालची एक चित्रफीत दाखवली गेली. बिन लादेनभोवती जमलेल्या माणसांत हे तुम्ही तिघे, असा दावा. ते नाही म्हणाले. मग एकांत कोठडी, आखूड साखळी, थंडी, पुन्हा तीच चित्रफीत. काही आठवड्यांनी तिघांनीही ‘हो, आम्हीच’ म्हणून टाकलं. पुढे ब्रिटिश गुप्तचर खात्याने कागद तपासले तर निघालं, की तेव्हा हे इंग्लंडमध्ये होते. शफीक तर विजेच्या वस्तूंच्या एका दुकानात नोकरी करत होता. हजेरीपट पाहून जे सुटलं असतं, ते एकांताने आणि साखळीने उलटं वदवून घेतलं होतं. साधी सुनावणी असती तर पहिल्या दिवशी माणूस म्हणाला असता, ‘दुकानात फोन करा.’

तुमचं ‘ते गेलेच कशाला’ हे म्हणजे तो न झालेल्या सुनावणीतला प्रश्न आहे. विचारायला हवा होता, नक्कीच. कडक शब्दांतही विचारायला हरकत नव्हती. कदाचित उत्तर असमाधानकारक निघालं असतं आणि एखाद्यावर रीतसर आरोप ठेवता आला असता. पण तो प्रश्न एखाद्या अधिकाऱ्याने, उत्तर ऐकून घेण्याची जबाबदारी असताना विचारणं वेगळं, आणि माणूस सव्वादोन वर्षं डांबून झाल्यावर आपण विचारणं वेगळं. मी ‘चुकीची कैद’ म्हणते तेव्हा कैदी धुतल्या तांदळासारखे होते असा माझा दावा नसतो. कुणी तपासलंच नाही, एवढाच असतो. आणि तो दावा सरकारी कागदांतूनच सिद्ध होतो.

तुम्ही म्हणाल, पण बेजबाबदारपणे युद्धात घुसलं तर असं होणारच. मग दोन माणसांकडे बघा. मुरात कुर्नाझ, जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये जन्मलेला तुर्की नागरिक, १९ वर्षांचा. तो पाकिस्तानात प्रवास करत होता, पेशावरजवळ तपासणी नाक्यावर त्याला बसमधून उतरवून घेतलं आणि पुढे अमेरिकनांच्या हवाली केलं. ऑगस्ट २००६ मध्ये सुटला. दुसरा खालिद अल-मसरी, जर्मन नागरिक. ३१ डिसेंबर २००३ ला बसने सुट्टीला स्कोप्येला निघालेला. मॅसेडोनियाच्या सीमेवर नाव संशयिताच्या नावासारखं वाटलं म्हणून त्याला अडकवलं, २३ दिवस एका हॉटेलात कोंडलं, मग सीआयएच्या हवाली केलं आणि अफगाणिस्तानातल्या गुप्त तुरुंगात नेलं. मे २००४ मध्ये रात्री अल्बेनियातल्या एका रस्त्यावर सोडून दिलं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये मॅसेडोनियाला दोषी धरून त्याला ६०,००० युरो भरपाई द्यायला लावली. हा माणूस युद्धाच्या जवळपासही नव्हता. ‘गेलाच कशाला’ हे याला कसं विचारणार?

शिवाय तेव्हा माणसाला किंमत होती, अगदी रोख. अमेरिकी विमानं अफगाणिस्तानात पत्रकं टाकत होती, माणसं पकडून द्या आणि स्वप्नातही पाहिली नसेल एवढी संपत्ती मिळवा. सीटन हॉल विद्यापीठाच्या कायदा शाखेने २००६ मध्ये संरक्षण खात्याच्याच ५१७ कैद्यांच्या नोंदी तपासल्या. अमेरिकी सैन्याने स्वतः पकडलेले फक्त ५ टक्के. ८६ टक्के पाकिस्तान किंवा नॉर्दर्न अलायन्सने पकडून दिलेले. परका, अनोळखी भाषा बोलणारा, ओळखीचा कुणी नसलेला प्रवासी अशा बाजारात सगळ्यात सोपा सापडतो. त्याला सोडवायला गावातलं कुणी येत नाही.

आता कारागिरीची गोष्ट, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग तिच्यात आहे. डॉक्युड्रामा काय दाखवू शकतो? घडलेलं. साखळी, पिंजरा, कुत्री, किंचाळणं. पण या कहाणीतली सर्वांत मोठी गोष्ट घडलेलीच नाही. न झालेली सुनावणी पडद्यावर कशी आणायची? रिकामं टेबल दाखवून भागत नाही, ते खोटं वाटतं. म्हणून बहुतेक फिल्म छळाकडे वळतात आणि प्रेक्षक बाहेर पडतो तो ‘किती क्रूर पहारेकरी’ म्हणत. पहारेकऱ्याच्या हातात माणूस कुठल्या कागदावर आला, हे मागेच राहतं.

माझ्या परीने सापडलेला एक मार्ग सांगते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सुटलेल्या माणसाची मी मुलाखत घेत होते. दोन तास बोलला. एकाही पहारेकऱ्याचा चेहरा त्याला सांगता येईना, कारण कोठडीबाहेर नेताना डोक्यावर कायम चेहरा झाकणारं टोपडं असायचं. पण त्याने बूट सांगितले. टोपड्याखालून चार बोटं जमीन दिसायची. एका पहारेकऱ्याच्या बुटाची नाडी घोट्याभोवती दोनदा गुंडाळलेली असायची, आणि ती नाडी दिसली की त्याला हायसं वाटायचं, कारण तो माणूस ढकलत नसे. दिग्दर्शकाला लांबच लांब बोळ, दोन्हीकडे दारं, मधून चाललेला कैदी असं भव्य दृश्य हवं होतं. मी विचारलं, बोळ कुणी पाहिला? माझ्या समासात बोळाला रंगच नव्हता. शेवटी आम्ही सबंध प्रसंग त्या चार बोटांतच चित्रित केला. फरशी, नाडी, साखळीचा आवाज, दुसरं काही नाही. प्रेक्षक तक्रार करत, ‘काही दिसतच नाही हो.’ मला वाटतं, त्या खोलीतून जगाकडे बघण्याचा तोच प्रामाणिक आकार होता. आपण कुठे चाललोय, का चाललोय, कुणाला विचारायचं, यातलं काहीच कैद्याला दिसत नसतं. न झालेली सुनावणी थोडीफार दाखवता येते ती अशी.

तुम्ही पाहिलेल्या फिल्ममध्ये उलट आहे. तिथला कॅमेरा सगळं बघतो. तळ वरून दिसतो, रांगा दिसतात. केशरी कपडे, डोळ्यांवर काळे गॉगल, कानांवर मफ, हातात जाड मोजे घालून गुडघ्यांवर बसवलेली माणसं, हे रूप ज्या छायाचित्रांनी जगाच्या डोळ्यांत बसवलं ती अमेरिकी नौदलाच्या छायाचित्रकाराने काढली होती आणि संरक्षण खात्यानेच प्रसिद्ध केली होती. म्हणजे पुनर्चित्रण बाहेरून बघताना पकडणाऱ्यांच्या नजरेतून बघतं आणि आवाज पकडलेल्यांचा असतो. हे चूक आहे असं मी म्हणत नाही, त्यातून ताण चांगला उभा राहतो. पण पुन्हा पाहाल तेव्हा हे मनात ठेवा.

न्यायालयाचं थोडक्यात सांगते, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. तिघे मार्च २००४ मध्ये इंग्लंडला परतले आणि दुसऱ्याच दिवशी सोडले गेले. शफीकच्या नावाने आधीच दाखल असलेल्या अर्जावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २००४ ला ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला, की ग्वांतानामोतले कैदी बंदी प्रत्यक्षीकरणासाठी, म्हणजे आपली कैद कायदेशीर आहे का हे तपासून घ्यायला, अमेरिकी न्यायालयात येऊ शकतात. नऊच दिवसांनी संरक्षण खात्याने घाईघाईने स्वतःची न्यायाधिकरणं जाहीर केली, पकडल्यावर अडीच वर्षांनी. १९९१ च्या सुनावण्यांशी त्यांची तुलना करवत नाही: ५५८ सुनावण्या आणि त्यातून फक्त ३८ जण बाजूला काढले गेले. साक्षीदार जगाच्या दुसऱ्या टोकाला, पुरावा गुप्त, आणि ज्यांनी माणूस इतकी वर्षं ठेवला त्यांनीच ठरवायचं की ठेवला ते बरोबर होतं का. उशिरा लावलेली चाळण म्हणजे चाळण नव्हेच. नुकसानभरपाईचा दावा तिघांनी लावला, तो पुढे अमेरिकी न्यायालयांत टिकला नाही.

आणि एक प्रसंग, फिल्मच्या बाहेरचा. फेब्रुवारी २००६ मध्ये बर्लिनहून परतताना ल्यूटन विमानतळावर फिल्ममधल्या काही नटांना आणि मूळ कैद्यांना पोलिसांनी दहशतवादविरोधी कायद्याखाली थांबवून प्रश्न विचारले. शफीकची भूमिका करणारा रिझ अहमद त्यात होता. ते लवकर सुटले, त्यांच्या मागे वकील होते, वर्तमानपत्रं होती. तुमच्या ‘खरं किती’ या प्रश्नावर मला नेहमी हा विमानतळ आठवतो.

म्हणून माझा सल्ला असा. फिल्म पुन्हा बघा, पण आधी पहिल्या अर्ध्या तासातलं ‘का गेले’ हे सगळं एका बाजूला तांबड्या रंगात ठेवून द्या. त्याचा निकाल लावायच्या भानगडीत पडू नका, तो माझ्याच्यानेही लागत नाही. मग कुंदुझपासून पुढे बघताना प्रत्येक प्रसंगी एवढंच विचारा, की इथे हा माणूस कोण आहे हे तपासायचं काम कुणाचं होतं, आणि त्याने ते केलं का. नॉर्दर्न अलायन्सचा सैनिक, कंदाहारच्या अमेरिकी तळावरचा अधिकारी, विमानात चढवणारा, पहिला चौकशी अधिकारी, ब्रिटिश खात्यातून आलेला पाहुणा. एकेकाच्या हातून माणूस पुढे सरकत जातो.

शेवटी चौथ्याबद्दल. इंग्लंडहून आलेल्या मित्रांत मुनीरही होता. कुंदुझच्या धामधुमीत तो इतरांपासून सुटला आणि पुन्हा कधीच सापडला नाही. फिल्ममध्ये नट त्याचं काम करतो, तो दिसतो, हसतो, आणि मग एका रात्रीनंतर दिसत नाही. बाकीच्या तिघांच्या प्रसंगांमध्ये मूळ माणसं येऊन बोलतात, नटाला दुरुस्त करतात, भर घालतात. मुनीरच्या प्रसंगांवर बोलायला मुनीर येत नाही. दुसऱ्यांदा बघताना त्या जागा मोजा.